नवा रकाना

म्हैसूरच्या पश्चिमेस, पिरियापट्टण तालुक्यात, बेट्टदपुर नावाचे गाव आहे. कन्नड भाषेत ‘बेट्ट’ म्हणजे डोंगर. तेव्हा डोंगराचे पूर ते बेट्टदपुर, अशी या नावाची सरळ फोड होते. गावाजवळ चार हजार फुटांहून उंच असा एक एकाकी डोंगर उभा आहे आणि त्याच्या माथ्यावर सिडिलु मल्लिकार्जुनाचे देवालय आहे. ‘सिडिलु’ म्हणजे वीज. आकाशातली वीज या देवाच्या दर्शनास येते, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. पायथ्याच्या मुलुखात तंबाखूची शेते पसरलेली आहेत. माथ्यावर मात्र वारा, पाषाण आणि देव, एवढेच असते.

गेल्या हिवाळ्यात रजा काढून मी हा डोंगर चढलो. सरकारी नोकराची रजा ही बहुधा नावापुरतीच रजा असते. शेवटच्या पायरीवर टेकलो न टेकलो तोच खिशातला मोबाइल वाजला. कचेरीतून निरोप होता की, एक विवरण संध्याकाळपर्यंत खात्याच्या ॲपमधून भरावयाचे आहे आणि त्यासाठी ॲपची नवी आवृत्ती घ्यावयाची आहे. मी ती घेण्याचा प्रयत्न केला. यंत्राने सौजन्यपूर्वक उत्तर दिले की, आपले उपकरण या आवृत्तीस अनुरूप नाही. हे उपकरण विकत घेऊन मला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. त्याच्या काचेवर ओरखडा नव्हता, आवाज खणखणीत होता, छायाचित्रे उत्तम निघत होती. दुसऱ्या दिवशी म्हैसुरात एका दुकानदाराला ते दाखवले. त्याने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि आजारी नसलेल्या माणसाला वैद्याने मरणाची तारीख सांगावी तसे मला सांगितले, “साहेब, फोन चांगला आहे, पण आता तो इथेच थांबला. पुढे जाणार नाही.”

मला राग आला, हे कबूल केले पाहिजे. परंतु माझा राग हा परवडणारा राग होता. चार पैसे अधिक खर्च करून मी नवा फोन घेऊ शकत होतो आणि पुढे घेतलाही. ज्यांना तो राग परवडत नव्हता अशांची एक कथा मला त्या माथ्यावरच आठवली. ती सांगण्यापूर्वी एका जुन्या यंत्राची हकिकत सांगतो, कारण ते यंत्रही याच प्रदेशातून गेले होते.

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि म्हैसूरचा मुलूख इंग्रजांच्या प्रभावाखाली आला. त्या मोहिमेत विल्यम लॅम्ब्टन नावाचा एक अधिकारी होता. जिंकलेल्या मुलुखाची मोजणी पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची साखळी टाकून करावी, अशी कल्पना त्याने मांडली. एप्रिल १८०२ मध्ये मद्रासजवळ त्याने पहिली आधाररेषा मोजली आणि डोंगरमाथ्यामागून डोंगरमाथा घेत त्याची माणसे म्हैसूर प्रांत ओलांडून मंगळूरच्या समुद्रापर्यंत पोहोचली. पुढे ज्याला भारताची महान त्रिकोणमितीय मोजणी म्हणू लागले, तिचा हा प्रारंभ होय.

या कामासाठी लॅम्ब्टनने इंग्लंडहून एक थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजण्याचे यंत्र, मागवला होता. विल्यम कॅरी या कारागिराने तो घडवला होता. वजन सुमारे अर्धा टन आणि आडव्या वर्तुळाचा व्यास तीन फूट. समुद्रावर फ्रेंचांनी तो पकडला आणि मॉरिशसला नेला. पण शास्त्रीय उपकरण आहे असे पाहून तेथल्या गव्हर्नराने तो पुढे पाठवून दिला. १८०८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या शिखरावर तो चढवीत असता दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे वर्तुळ वाकडे झाले. दुसरा थिओडोलाइट इंग्लंडहून येण्यास फार काळ गेला असता. लॅम्ब्टन सुमारे सहा आठवडे तंबूत कोंडून घेऊन बसला आणि पाचरी व मळसूत्रे लावून त्याने ते वर्तुळ हळूहळू पुन्हा गोल करून घेतले. त्याच यंत्राने मोजणी पुढे चालू राहिली. २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्ब्टन आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारला. पण यंत्र वारले नाही. १८३० नंतर कलकत्त्यात हेन्री बॅरो या कारागिराने त्याचा जीर्णोद्धार केला. बॅरोच्या जागी पुढे आला तो अर्काटचा सय्यद मीर मोहसिन हुसेन. एकेकाळी मद्रासेत घड्याळे दुरुस्त करणारा हा गृहस्थ मोजणीखात्याच्या सूक्ष्म उपकरणांचा प्रमुख कारागीर झाला.

ही हकिकत सांगण्याचा हेतू साम्राज्याचे गोडवे गाणे हा नव्हे. तो थिओडोलाइट राज्य करण्यासाठीच आणलेला होता. सांगावयाचे आहे ते इतकेच की, ज्याच्या हाती ते यंत्र होते त्याला ते उघडता येत होते, समजत होते आणि सुधारता येत होते. यंत्र कधी म्हातारे झाले, हे ठरविण्याचा अधिकार ते वापरणाऱ्याकडे होता.

आता ती दुसरी कथा. तिचा एक धागा या म्हैसूर जिल्ह्यातच आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ ठिकाणी सुरू केली. कर्नाटकाच्या वाट्याला आलेले ठिकाण होते म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूर. महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्याच्या मेळघाटातील धारणी आणि मुंबईतील धारावी यांची निवड झाली. या योजनेतून गावोगाव अंगणवाडी उभी राहिली आणि अंगणवाडीबरोबर सेविका. सहा वर्षांखालील मुलांना आहार, त्यांचे वजन, गरोदर आणि स्तनदा मातांची विचारपूस, लसीकरणाची आठवण आणि या सर्वांची नोंद, असे तिच्या कामाचे स्वरूप आहे.

यातला ‘नोंद’ हा शब्द कचेरीतला रुक्ष शब्द वाटेल, पण तो तसा नाही. १९९३ मध्ये मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला, तेव्हा पहिला प्रश्न हाच उभा राहिला की, ही मुले कोणाच्या वहीत होती आणि कोणाच्याच वहीत नव्हती. ज्या मुलाचे वजन लिहिले जात नाही, ते मूल खंगत चालले आहे हे शासनाला कळण्यास दुसरा मार्ग नसतो.

सेविकेच्या नोंदवह्या मी अनेक वेळा तपासल्या आहेत. त्यांत दोष होते. आकडे उशिरा पोहोचत. गावचा आकडा तालुक्याला, तालुक्याचा जिल्ह्याला असा प्रवास करीत तो वर पोहोचेपर्यंत मूल एक तर सुधारलेले असे किंवा हाताबाहेर गेलेले असे. कधी आकडे मागाहून भरलेले असत. पण त्या वहीत एक गुण होता. वरून नवी माहिती मागविली गेली, तर सेविका पट्टी आणि पेन्सिल घेऊन पानावर एक नवा रकाना आखीत असे. वहीची ‘नवी आवृत्ती’ तयार होण्यास तेवढे पुरे होते आणि ती स्वतः ती तयार करू शकत होती.

मार्च २०१८ मध्ये पोषण अभियान सुरू झाले आणि वह्यांची जागा मोबाइलने घ्यावी असे ठरले. ही कल्पना चुकीची होती, असे मी म्हणणार नाही. मुलाचे वजन त्याच दिवशी वर कळावे, ही इच्छा उत्तमच होती. महाराष्ट्रात २०१९ मध्ये सेविकांच्या हाती मोबाइल पडले. त्यांची रॅम, म्हणजे काम करताना यंत्राला लागणारी तात्पुरती स्मरणशक्ती, दोन जीबी होती. सुरुवातीला एक ॲप होते. ते त्यांत कसेबसे चालले. १ मार्च २०२१ रोजी केंद्र सरकारने त्याच्या जागी ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे ॲप आणले, आणि दोन वर्षांपूर्वी नवे असलेले मोबाइल एकदम अपुरे पडले. ते तापत, मध्येच थांबत, भरलेली माहिती गमावून बसत. हमीची मुदत संपलेली होती, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च कोणी करावयाचा हा प्रश्न होता. पुष्कळ ठिकाणी तो सेविकेच्याच पदराला आला. तिचे मानधन त्या वेळी महिना ८,३२५ रुपये होते. त्यातही ॲपमध्ये नावे इंग्रजीत भरावी लागत. जन्मभर मराठीत स्वच्छ अक्षराने वही लिहिणारी बाई आपल्याच गावातल्या मुलाचे नाव कोणत्या इंग्रजी अक्षरांनी लिहावे, याचा विचार करीत बसे.

येथे थोडे तंत्राविषयी बोलणे अवश्य आहे. श्रोत्यांपैकी कोणी विचारील की, स्मरणशक्ती कमी पडली तर ती वाढवून का घेतली नाही? पूर्वीच्या मोठ्या संगणकात तसे करता येई. झाकण उघडून एक पट्टी अधिक बसविली की काम होई. मोबाइलमध्ये ही चकती मूळ पटलावर कायमची डकवलेली असते. आणि यंत्र चालविणारी जी मूळ प्रणाली, तिची नवी आवृत्ती मिळणे हे तीन परक्या हातांवर अवलंबून असते: प्रणाली लिहिणारे, आतली चकती बनविणारे आणि मोबाइल जुळविणारे. यांतील एकाने हात आखडता घेतला की यंत्राची वाढ खुंटते. विकत घेणारा हा चौथा. त्याला यात मत नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांनी एक अभूतपूर्व गोष्ट केली. त्या प्रकल्प कार्यालयांत गेल्या आणि आपापले मोबाइल शासनाला परत करून आल्या. जिल्ह्यामागून जिल्ह्यात हजारो मोबाइल टेबलांवर येऊन पडले. सरकारी वस्तू परत करण्यासाठी मोर्चा निघाल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: आम्ही काम नाकारीत नाही, जे काम करू शकत नाही असे यंत्र नाकारतो. पुढे २० फेब्रुवारी २०२३ पासून राज्यभर संप झाला, त्याच्या मागण्यांतही मानधनाच्या जोडीला नवा मोबाइल होता. त्यानंतर सेविकांचे मानधन दहा हजार रुपये झाले आणि नव्या मोबाइलचे आश्वासन मिळाले.

या प्रकरणात दोष कोणाचा, हे ठरविण्यासाठी मी बोलत नाही. पण माझ्या वर्गाचा त्यात वाटा आहे, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. काही वर्षांपूर्वी एका खरेदी समितीवर मीही होतो. हातात धरावयाची अशीच काही यंत्रे घ्यावयाची होती. आम्ही सर्वांत कमी दर पाहिला, हमीपत्र पाहिले, नमुना हाताळून पाहिला. हे यंत्र किती वर्षे नव्या आवृत्त्या स्वीकारील, हा प्रश्न आमच्यापैकी एकानेही विचारला नाही. आम्ही त्याची किंमत विकत घेतली. आयुष्य विकत घेतले नाही. फाईल नियमानुसार होती, लेखापरीक्षणात एकही आक्षेप निघाला नाही, आणि दोन वर्षांत ती यंत्रे कपाटात गेली. आक्षेप निघाला नाही, याचीच मला आता अधिक लाज वाटते.

जगात या प्रश्नाचा विचार सुरू झाला आहे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी एक संकेतस्थळ उघडले. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून असा नियम लागू झाला की, मोबाइलची विक्री थांबल्यावरही सात वर्षे त्याचे महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत आणि निदान पाच वर्षे प्रणालीच्या नव्या आवृत्त्या उपलब्ध राहिल्या पाहिजेत. कायदे हळूहळू होतील. पण सरकारी निविदेत एक ओळ वाढविण्यास कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. हे यंत्र किती वर्षे पुढे जाईल, ते विक्रेत्याने लिहून द्यावे, एवढीच ती ओळ. आणि ती लिहिण्यापूर्वी, ज्यांना ते यंत्र रोज हातात धरावयाचे आहे अशा दोघीतिघींना समितीपुढे बोलवावे.

सेविकांनी मोबाइल परत केले त्या सुमारास एका आदिवासी पाड्यावरच्या अंगणवाडीत मी गेलो होतो. सेविकेने जुनी नोंदवही माझ्यापुढे ठेवली. वजनाच्या रकान्याशेजारी तिने पट्टीने एक नवा रकाना आखला होता आणि त्यावर लिहिले होते: ‘फोनने घेतले / नाही घेतले.’ तीन पाने मी चाळली. जवळजवळ प्रत्येक नावापुढे ‘नाही’ होते.

“बाई, हे कशासाठी?” मी विचारले.

“साहेब,” ती म्हणाली, “उद्या कोणी म्हटलं की या पोराचं वजन केलंच नव्हतं, तर?”

मी त्या वहीवर तपासल्याची सही केली. सेवेत आजवर हजारो सह्या केल्या असतील; त्यांपैकी ती एक मला तारखेसह आठवते.