बडोद्याचे हुतूतू सामने : एक तळटीप

* मूळ लेखात वाशीच्या एपीएमसी मार्केटमधील माथाडी तरुणांच्या कबड्डीच्या, म्हणजेच हुतूतूच्या, ओघात ‘बडोद्याच्या सामन्यांचा’ जो ओझरता निर्देश आला आहे, तो १९२३ मध्ये बडोद्यास भरलेल्या अखिल भारतीय हुतूतू सामन्यांना अनुलक्षून आहे. तत्पूर्वी हा खेळ मुलूखपरत्वे निरनिराळ्या रिवाजांनी चाले : संजीवनी पद्धतीत प्रतिपक्षाचा गडी बाद होताच आपला मेलेला गडी जिवंत होऊन मैदानात परते, गामिनीत बाद झालेला गडी सबंध संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे, आणि अमरमध्ये तो जागेवरच खेळत राहून प्रतिपक्षाच्या खाती केवळ गुण जमा होई. अशा स्थितीत दोन मुलखांच्या गड्यांनी कोणत्या कायद्याने झुंजावे, हा तंट्याचाच विषय होता. म्हणून १९१८ च्या सुमारास साताऱ्यास ज्या नियमरचनेस आरंभ झाला, ती १९२३ मध्ये मुद्रित व्हावी आणि त्याच साली सामने भरावेत, या घटनेस आमच्या मते कोणत्याही विजेत्या संघाहून अधिक मोल आहे. (मेलबर्नच्या फुटबॉलपटूंनीही १८५९ मध्ये आधी नियम लिहिले आणि मग व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचा पहिला हंगाम, आठ संघांनिशी, १८९७ मध्ये झाला.) याच मार्केटच्या दाणाबाजारात ट्रकमधून पाठीवर गोणी घेऊन गाळ्यापर्यंत वाहणाऱ्या माथाडींपैकी पुष्कळांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातच असल्याने हा इतिहास त्यांच्या घरचाच आहे. वरील तीन रिवाजांपैकी आजची कबड्डी मुख्यतः संजीवनी पद्धतीवर आधारलेली आहे.