रोजच्या मराठीतले यवन

अथेन्समध्ये शहराच्या मध्यवस्तीकडे नेणाऱ्या रस्त्यांवर पाट्या असतात. त्यांवरचा शब्द आजचे ग्रीक लोक ‘केंद्रो’ असा उच्चारतात. पनवेलहून तिथे पुरातत्त्व शिकायला गेलेल्या एखाद्या मुलीला ती लिपी परकी वाटेल, पण शब्द कानावर पडला की ती चमकून बघेल. परीक्षा केंद्र, आरोग्य केंद्र, मतदान केंद्र, जिल्हा परिषदेची केंद्रशाळा आणि तिथले केंद्रप्रमुख, या सगळ्यांतला ‘केंद्र’ मूळचा ग्रीक आहे. तो संस्कृतातून आपल्याकडे आला, म्हणून आपण त्याला घरचा मानतो, आणि दीड-दोन हजार वर्षं राहिलेल्याला घरचा मानणं योग्यच आहे.

ग्रीक ‘केंत्रॉन’चा पहिला अर्थ टोचणी. बैल हाकायच्या काठीला आपला शेतकरी पराणी म्हणतो आणि तिच्या टोकाला लोखंडी आर बसवतो. केंत्रॉन म्हणजे तीच वस्तू. वर्तुळ काढताना कंपासचा जो अणकुचीदार पाय एका जागी रोवतात, त्यालाही ग्रीक भूमितीत हेच नाव मिळालं, आणि पुढे त्या पायाने पडलेल्या बिंदूलाही. आपल्याकडे मात्र हा शब्द ज्योतिषाचं बोट धरून आला. कुंडलीतली पहिलं, चौथं, सातवं आणि दहावं ही चार घरं म्हणजे केंद्रस्थानं. ‘गुरू केंद्रात आहे’ असं जोशीबुवा सांगतात, तो या शब्दाचा आपल्याकडचा जुना वापर आहे. केंद्र सरकार त्या मानाने कालचं. तिकडे लॅटिनमार्गे इंग्रजीत पोहोचलेला ‘सेंटर’ही याच टोचणीचा वंशज. त्यामुळे दुकानाच्या पाटीवर ‘सेंटर’ असावं की ‘केंद्र’, हा वाद एकाच घरातल्या दोन भावांचा आहे.

ज्योतिषाच्याच वाटेने ‘होरा’ आला. ग्रीक ‘होरा’ म्हणजे ऋतू, काळ आणि पुढे दिवसाचा तास. इंग्रजीतला ‘अवर’ तिथलाच. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहज्जातका’त नोंदवलं आहे की काही जण ‘अहोरात्र’ शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळून ‘होरा’ साधतात. व्युत्पत्ती कल्पक आहे, पण खरी नाही. पाहुण्या शब्दाला आपल्या गोत्रात बसवण्याची ही धडपड मला फार आपुलकीची वाटते. मराठीत होऱ्याचा तास हा अर्थ मागे पडला आणि अंदाज हा अर्थ पुढे आला: निवडणुकीचा होरा, पावसाचा होरा.

होऱ्याचा जुना अर्थ मात्र एका ठिकाणी लपून राहिला आहे, तो आपल्या वारांच्या क्रमात. रविवारनंतर सोमवारच का? ग्रीक-रोमन जगातल्या ज्योतिषांनी ग्रह दूरचे आधी, जवळचे नंतर असे लावले: शनी, गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध, चंद्र. प्रत्येक तासाचा एकेक ग्रह स्वामी, आणि पहिल्या तासाचा स्वामी तोच साऱ्या दिवसाचा. रविवारी सूर्यापासून मोजायला लागलं की बाविसावा तास पुन्हा सूर्याचा, तेविसावा शुक्राचा, चोविसावा बुधाचा आणि पंचविसावा, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला, चंद्राचा. म्हणून सोमवार. हीच मोजणी पुढे चालवली की मंगळवार येतो. बालवाडीतलं पोर सात वार घडाघडा म्हणतं तेव्हा होऱ्याचं हे गणित त्याच्या तोंडी असतं.

‘दाम’ व्यापारासोबत आला. ग्रीक ‘द्राख्मे’ म्हणजे मूठभर. नाण्यांच्या आधी लोखंडी सळया चलनासारख्या वापरात होत्या, आणि सहा सळयांची मूठ म्हणजे एक द्राख्मे. तशा सळया अथेन्सच्या नाणेसंग्रहालयात ठेवलेल्या आहेत. द्राख्मेचा संस्कृतात ‘द्रम्म’ झाला. उत्तर कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहारांच्या लेखांत हे द्रम्म भेटतात. द्रम्माचा ‘दाम’ झाला, दामाची ‘दमडी’ झाली. ग्रीसमध्ये २००२ साली युरो आला आणि द्राख्मा व्यवहारातून गेला. मराठीत दाम अजून चालतो. आपल्या पनवेल परिसरात तर या शब्दाला रक्ताची किंमत आहे. १९८४ साली दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली इथले शेतकरी आपल्या जमिनीच्या रास्त दामासाठी रस्त्यावर उतरले आणि पाच जण हुतात्मा झाले.

‘सुरुंग’ युद्धातून आला. ग्रीक ‘सिरिंक्स’ म्हणजे पोकळ नळी, पावा, आणि त्यावरून नळीसारखी भुयारी वाट. डॉक्टरांची ‘सिरिंज’ही त्यातलीच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आणि महाभारतातल्या लाक्षागृहाच्या कथेत ‘सुरुंगा’ आहे, तिथे अर्थ भुयार असाच. हिंदीत ‘सुरंग’ आजही भुयार किंवा बोगदा आहे. मराठीत मात्र अर्थ सरकला, आणि का सरकला ते आपल्या इतिहासात दिसतं. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने झुंजवलेला चाकणचा किल्ला शाइस्तेखानाला घेता येईना, तेव्हा त्याने बुरुजाखाली भुयार खणलं, त्यात दारू ठासली आणि बुरूज उडवला. अशा वेढ्यांत भुयार आणि दारू इतकी एकत्र आली की भुयाराचं नाव दारूला चिकटलं. भुयारासाठी आपण दुसरे शब्द वापरू लागलो आणि सुरुंग स्फोटाचा झाला. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी फोडली ती सुरुंग लावूनच.

हे शब्द आणले कोणी? त्यांचं नावही पाहुणंच आहे. आयोनियातले ते ग्रीक. इराणी लोक त्यांना ‘यौन’ म्हणत, पालीत ‘योन’, संस्कृतात ‘यवन’. पुढे मराठीत या शब्दाचा रोख बदलला आणि तो मुसलमानांसाठी वापरला जाऊ लागला. बखरी वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरं नावानिशी येतात. त्यांतलं कल्याण पनवेलपासून फार लांब नाही. बंदरांतून माल आणि माणसं घाट चढून देशावर जात. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, दान दिल्याचा लेख आहे.

आणि कार्ल्याच्या चैत्यात खांबांवर धेनुकाकट इथल्या यवनांची दानं ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. पनवेल परिसरातले आगरी-कोळी दरवर्षी बोरघाट चढून एकवीरा आईच्या दर्शनाला जातात. आईचं देऊळ त्या चैत्याच्या दाराशीच उभं आहे. अथेन्सला जाऊन शिकणं थोड्यांनाच परवडतं. कार्ल्याला तर आपली घरंच्या घरं जातात. शाळांनी मुलांना नववी-दहावीत ब्राह्मीची तोंडओळख करून द्यावी, एवढंच माझं आग्रहाचं मागणं आहे. पन्नासेक अक्षरांचं काम, उत्साही मुलं ते एका सुट्टीत शिकतील. मग नवस फेडायला गेलेली एखादी मुलगी खांबावरचं ‘यवन’ स्वतः वाचेल. पुढे ती ग्रीक शिकायला गेली, तर परक्यांच्या अवशेषांत जिज्ञासू पाहुणी म्हणून जाणार नाही. आपल्याच भाषेच्या हिशेबातली दुसरी वही तपासायला ती जाईल.