दुसरी प्रत कुठे ठेवायची?

समजा, तुमच्या कंपनीचे सर्व्हर आज दुपारी पावणेतीनला बंद पडले. नुसते बंद नाही, वाहून गेले. आता दोन प्रश्न. शेवटच्या किती वेळातला डेटा गेला तर चालेल? आणि काम पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागला तर चालेल?

तुमच्यापैकी जे क्लाउडवर काम करतात त्यांना हे प्रश्न पाठ असतील. पहिल्याला रिकव्हरी पॉइंट म्हणतात, दुसऱ्याला रिकव्हरी टाइम. उत्तरं जितकी कडक, तितका खर्च जास्त. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे नुसता बॅकअप ठेवायचा आणि वेळ आली की त्यावरून सगळं नव्यानं उभं करायचं. सगळ्यात महाग म्हणजे दोन ठिकाणी एकाच वेळी पूर्ण यंत्रणा चालू ठेवायची. बाकीचे पर्याय या दोन टोकांच्या मधले.

मी इतिहासाची माणूस. पण पोस्टडॉकसाठी सेंदाईला आले आणि लक्षात आलं की हे प्रश्न कॉम्प्युटरपेक्षा खूप जुने आहेत. जपानी सरकारला ते पुन्हा पुन्हा सोडवावे लागलेत, आणि प्रत्येक वेळी उत्तर कुठे चुकलं ते आपत्तीनं दाखवून दिलंय.

गोष्ट आहे कोसेकीची. कोसेकी म्हणजे कुटुंबाची नोंदवही. जन्म, लग्न, दत्तक, घटस्फोट, मृत्यू, सगळं एका कुटुंबाच्या नावाखाली. देशभराची पहिली आधुनिक कोसेकी 1872 ची. तिच्यात जुन्या जातिभेदाच्या खुणाही होत्या, म्हणून 1968 मध्ये ती लोकांसाठी बंद करावी लागली. म्हणजे ही काही निरागस वही नाही. पण पासपोर्ट, वारसा, लग्न, सगळं आजही तिच्यावर अडतं. वही गेली तर तुम्ही कुणाचे कोण, हे कागदावर सिद्ध करता येत नाही. (आपल्यासारख्या परदेशी लोकांची कोसेकी नसते. आपली नोंद रहिवाशांच्या वेगळ्या यादीत.)

इतकी महत्त्वाची वही, म्हणून तिची दुसरी प्रत ठेवायची पद्धत जुनीच आहे. मूळ वही नगरपालिकेत किंवा गावाच्या कचेरीत, प्रत दुसऱ्या सरकारी कार्यालयात. युद्धाआधी हे काम न्यायालयाकडे होतं, नंतर ते न्याय मंत्रालयाच्या विभागीय कार्यालयांकडे आलं.

ही योजना पहिल्यांदा पुरती कोसळली ती 1945 मध्ये, ओकिनावात. लढाईत मुख्य बेटावरच्या वह्या जळाल्या आणि न्यायालयातल्या प्रतीही जळाल्या, कारण दोन्ही त्याच बेटावर होत्या. युद्धानंतर वाचलेल्या माणसांनी तोंडी सांगितलं त्यावरून तात्पुरत्या नोंदी केल्या. घरात कोण होतं, कोण गेलं, कुणाचा जन्म कधीचा. नीट कोसेकी उभी करायला 1953 मध्ये वेगळा कायदा करावा लागला. आता विचार करा, ज्या घरात सांगायला कुणीच उरलं नाही, त्या घराचं काय? माणसाची आठवण हासुद्धा बॅकअपच, पण तो माणसाबरोबर जातो.

आता 11 मार्च 2011. दुपारी 2 वाजून 46 मिनिटांनी 9.0 तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्यामागून त्सुनामी आली. मियागी प्रांतातल्या मिनामिसानरिकु आणि ओनागावा, इवाते प्रांतातल्या रिकुझेनताकाता आणि ओत्सुची, या चार ठिकाणची कोसेकीची मूळ नोंद नष्ट झाली. ओत्सुचीचे तर महापौर आणि कितीतरी कर्मचारीही गेले. नोंदी गेल्या आणि नोंदी ठेवणारेही गेले.

प्रती मात्र वाचल्या होत्या. आणि इथे एक बारकावा आहे, तो डेटाबेसवाल्यांना लगेच कळेल. पूर्ण प्रत वर्षातून एकदाच वरच्या कार्यालयात जायची. पण लोकांनी भरून दिलेले जन्म-मृत्यू-विवाहाचे अर्ज दर महिन्याला जायचे. म्हणजे वर्षाची एक पूर्ण प्रत, वर महिन्या-महिन्याचे बदल. न्याय मंत्रालयानं जुनी प्रत घेतली, तिच्यावर नंतरचे अर्ज चढवले आणि एप्रिलच्या अखेरीस चारही ठिकाणांची नोंद पुन्हा तयार केली. त्सुनामीनंतर साधारण सहा आठवड्यांत. अगदी शेवटच्या काही आठवड्यांतले जे अर्ज वर पोचलेच नव्हते, ते ज्यांनी भरले होते त्यांनी पुन्हा येऊन सांगायचे.

सहा आठवडे हा रिकव्हरी टाइम कुठल्याही क्लाउड इंजिनिअरला हसू आणेल. पण तेव्हा हजारो लोक बेपत्ता होते. मृतदेह सापडला नाही तर कायद्यानं मृत्यू नोंदवायला एरवी बराच काळ थांबावं लागतं. न्याय मंत्रालयानं जूनमध्ये ही प्रक्रिया सोपी केली, म्हणजे विमा, पेन्शन, वारसा असली कामं अडून राहू नयेत. आता मृत्यूची नोंद करायची तर आधी जिवंतपणाची नोंद हवी ना! ती एप्रिलमध्ये तयार झाली होती, म्हणून जूनमधली सवलत कामाला आली. किती वेळ चालेल, याचं उत्तर इथे मशीननं दिलं नाही. ते दुःखात बसलेल्या घरांच्या गरजेनं दिलं.

पण या यशाच्या आत एक भीती लपलेली होती. मिनामिसानरिकुची प्रत ज्या कार्यालयात होती, ते शेजारच्या केसेन्नुमा शहरात. केसेन्नुमाही किनाऱ्यावरच. त्सुनामीचं पाणी त्या कार्यालयाच्या इमारतीतही शिरलं. प्रत वाचली, पण थोडक्यात. ओकिनावाची चूक 66 वर्षांनी पुन्हा होता होता राहिली. प्रत होती, पण त्याच समुद्राच्या काठी.

याच्या उलट उदाहरण त्याच मियागीत आहे. इशिनोमाकीच्या नगरपालिका रुग्णालयात पाणी शिरलं आणि सर्व्हर गेले. पण या रुग्णालयानं यामागाता शहराच्या रुग्णालयाशी करार केला होता, तुमचा डेटा आम्ही ठेवतो, आमचा तुम्ही ठेवा. यामागाता डोंगररांगेच्या पलीकडे, देशाच्या आतल्या बाजूला. त्सुनामी तिथे पोचणं शक्यच नव्हतं. रुग्णांची माहिती तिथून परत मिळाली. फार पैसे न ओतता दोन सार्वजनिक रुग्णालयांनी एकमेकांना दिलेला हा शेजारधर्म, फक्त शेजारी मुद्दाम लांबचा निवडलेला.

2013 मध्ये सरकारनं कोसेकीची पद्धत बदलली. प्रत आता वर्षातून एकदा नाही, रोजच्या रोज आपोआप जाते, आणि ती जवळच्या कार्यालयात न राहता देशातल्या दोन केंद्रांत राहते. पुढे याच व्यवस्थेचा आधार घेऊन मार्च 2024 पासून कोसेकीचा दाखला देशातल्या कुठल्याही नगरपालिकेत मिळू लागला. आपत्तीसाठी ठेवलेली प्रत रोजच्या कामाला लागली. मला यातला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण जी प्रत रोज वापरात असते ती बिघडली तर लगेच कळतं.

ती वापरात नसेल तर काय होतं, ते टोकियो शेअर बाजारानं दाखवलं. 1 ऑक्टोबर 2020 ला त्यांच्या एका डिस्क यंत्रणेची मेमरी बिघडली. जोडीला दुसरी यंत्रणा तयार उभी होती. काम आपोआप तिच्याकडे जायला हवं होतं, पण सेटिंग चुकीचं राहिल्यामुळे गेलं नाही. दिवसभर व्यवहार बंद. 1999 मध्ये सगळा बाजार कॉम्प्युटरवर गेल्यापासून पूर्ण दिवस बंद राहण्याची ती पहिली वेळ. प्रमुखांना राजीनामा द्यावा लागला. म्हणजे महागातली व्यवस्था घेतली म्हणून झोप लागेलच असं नाही.

क्लाउड कंपन्यांचा इतिहासही याच वाटेनं गेलाय. अमेझॉननं टोकियोत आपली क्लाउड सेवा सुरू केली ती 2 मार्च 2011 ला, भूकंपाच्या अवघे नऊ दिवस आधी! टोकियोत त्यांची एकमेकांपासून वेगळी केंद्रं आहेत, पण टोकियोच हादरलं तर? म्हणून देशातच दुसरी जागा हवी होती. ओसाका 2018 मध्ये मर्यादित स्वरूपात आणि 2021 मध्ये पूर्णपणे सुरू झालं, टोकियोपासून सरळ रेषेत सुमारे 400 किलोमीटरवर. पण ओसाकालाही नानकाई खळग्याच्या भूकंपाचा धोका आहेच. तेव्हा नुसते किलोमीटर मोजून भागत नाही. दोन्ही जागांना एकच संकट गाठू शकतं का, हे विचारावं लागतं.

आणि हे फक्त जपानचं नाही. 21 जून 2012 ला मुंबईत मंत्रालयाला आग लागली, पाच माणसं गेली, वरचे मजले जळाले आणि त्यांच्याबरोबर कितीतरी खात्यांच्या कागदी फायली. डिजिटायझेशनची घाई त्यानंतर सुरू झाली. तहान लागल्यावर विहीर खणायची सवय आपल्याला आहे, जपान्यांना नाही, असं मला पूर्वी वाटायचं. केसेन्नुमाची गोष्ट वाचल्यावर तसं वाटेनासं झालं. विहीर सगळेच उशिरा खणतात. फरक पडतो तो पुढची कुठे खणायची हे मागच्या तहानेवरून ठरवण्यात.

हे लिहिताना मी घरी फोन केला. आजोबांचा जन्मदाखला, जमिनीचे कागद, आई-बाबांच्या लग्नाचं प्रमाणपत्र, सगळं कुठे आहे? आई म्हणाली, "कपाटात, वरच्या खणात." आणि त्याच्या झेरॉक्स? "त्याच्याच खाली."

तुमच्याकडेही विचारून बघा.