अकरा पाचच्या आधी, बारा वाजल्यानंतर

ऑगस्ट १९९१. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातलं फिनिक्स शहर, बॅरो न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट. पेशंट पॅम रेनॉल्ड्स, वय पस्तीस, अटलांटाची गायिका आणि गीतकार. मेंदूच्या बुडाशी असलेल्या बॅसिलर धमनीला भलामोठा फुगवटा आलेला. तो फुटला तर सगळं संपलं, आणि हात लावायला जावं तर तिथेच फुटण्याची भीती. डॉ. रॉबर्ट स्पेट्झलर यांनी त्यावर काढलेला मार्ग ऐकूनच पोटात गोळा यावा असा होता: शरीर गार करायचं, हृदय थांबवायचं, डोक्यातलं रक्त उतरवायचं आणि फुगवटा लुळा पडला की काम उरकायचं. म्हणजे इथे अनर्थ ओढवणार नव्हता, तो वेळ ठरवून घडवायचा होता.

सकाळी ७.१५
पॅमला ऑपरेशन थिएटरमध्ये आणलं, तेव्हा ती जागी होती. मग भूल दिली. डोळ्यांवर पट्ट्या चिकटवल्या. कानांत घट्ट बसणारे छोटे स्पीकर घातले. त्यांतून जवळजवळ शंभर डेसिबलची टकटक सतत चालू, म्हणजे मेंदूचा देठ त्या आवाजाला प्रतिसाद देतो का ते यंत्रावर दिसत राहावं.

८.४०
पुढचा सगळा वाद या नोंदीवर उभा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

स्पेट्झलर कवटी उघडायला घेतात. हातातली करवत हवेच्या दाबावर गरगरणारी. पॅमने नंतर सांगितलं की तिला एक स्वर ऐकू आला, तिच्या गायिकेच्या कानाने तो सुरासकट ओळखला, आणि त्या स्वराने तिला जणू डोक्यातून वर ओढून काढलं. ती डॉक्टरांच्या खांद्याजवळून पाहत होती म्हणे. करवत तिला विजेवर चालणाऱ्या टूथब्रशसारखी दिसली, आणि तिची पाती पान्यांच्या पेटीसारख्या पेटीत ठेवलेली. त्याच सुमारास दुसरीकडे एक स्त्री सर्जन हार्ट-लंग मशीन जोडण्यासाठी जांघेतल्या रक्तवाहिन्या शोधत होती. उजव्या बाजूच्या फार बारीक निघाल्या, म्हणून डावी बाजू घेतली. हे बोलणंही पॅमने ऐकलं. ते खरोखर झालेलं होतं.

१०.५०
रक्त हार्ट-लंग मशीनमधून फिरवून गार करायला सुरुवात.

११.०५
पोटॅशियम क्लोराइड देऊन हृदय थांबवलं. मेंदूच्या लहरींचा आलेख सपाट.

११.२०
शरीराचं तापमान सुमारे साडेपंधरा अंश सेल्सियस. कानातली टकटक चालूच, मेंदूच्या देठाकडून उत्तर नाही.

११.२५
टेबलाची डोक्याकडची बाजू उचलली, मशीन बंद केलं, रक्त उतरू दिलं. फुगवटा रिकामा पडला. स्पेट्झलर यांनी तो निकामी केला.

दुपारी १२.००
रक्त पुन्हा फिरतंय, ऊब येतेय, पण हृदय ताल न धरता नुसतं थरथरतंय. पहिला शॉक वाया. दुसऱ्याने ठोका बसला.

१२.३२
मशीन बंद. टाके घालणं सुरू झालं, तेव्हा थिएटरमध्ये ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ हे गाणं वाजत होतं. तेही पॅमला आठवलं. त्याआधी बोगदा, उजेड, वारलेली आजी, आणि शेवटी परत शरीराकडे ढकलणारा काका असं बरंच काही तिने सांगितलं.

२.१०
पॅम रिकव्हरी रूममध्ये. प्रकृती स्थिर.

अटलांटाचे हृदयरोगतज्ज्ञ मायकेल सेबम यांनी हे सारं १९९८च्या आपल्या पुस्तकात मांडलं, तेव्हापासून मृत्यूसमीप अनुभवांच्या अभ्यासात पॅमचं नाव टळत नाही. मेंदू बंद असताना ती पाहत होती, असं लोक छातीठोकपणे सांगतात. पण वरचं घड्याळ पुन्हा बघा. पडताळून पाहता येतील अशा मुख्य गोष्टी तीन: करवत, रक्तवाहिन्यांचं बोलणं, गाणं. पहिल्या दोन ११.०५च्या आधीच्या, तिसरी १२नंतरची. तेव्हा हृदय चालू होतं, ती भुलीखाली होती. भूल अर्धवट राहून पेशंटला ऐकू येणं भूलतज्ज्ञांना नवीन नाही, आणि करवतीचा आवाज हाडातूनही जातो. अर्थात कानात ती टकटक असताना बोलणं कसं ऐकू आलं, करवतीचा आकार कसा कळला, हे प्रश्न उरतात. ते झटकून टाकणारेही मला तितकेच घाईचे वाटतात. स्पेट्झलर यांनी स्वतः आपल्याला याचा उलगडा होत नसल्याचं सांगितलं होतं. राहिला बोगदा आणि आजी. त्यांच्यावर वेळेचा शिक्का नाही, ते ११.२५चे की १२.३२चे, कोण सांगणार?

(आपल्याकडे बोगद्याचीही खात्री नाही. संशोधक सतवंत पसरिचा आणि इयन स्टीव्हनसन यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या भारतीय अनुभवांत यमदूत माणसाला नेतात, तिथे वही उघडली जाते, चुकीचा माणूस आणल्याचं लक्षात येतं आणि त्याला परत पाठवतात. सरकारी कचेरीत खेपा घातलेल्यांना यात नवल वाटू नये.)

अनुभव नेमका कधीचा, हा घोळ मिटवायला संशोधक डॉक्टर सॅम पार्निया यांच्या गटाने इस्पितळांत उंच फळ्या बसवल्या आणि फक्त छतावरूनच दिसतील अशी चित्रं त्यांवर ठेवली. २०१४ मध्ये निष्कर्ष आले: हृदय बंद पडण्याच्या २,०६० घटना, त्यांतून मुलाखतीपर्यंत पोहोचलेले १४० जण. आपल्यावर चाललेले उपचार पाहिल्या-ऐकल्याचं स्पष्ट आठवणारे दोघेच निघाले. दोघांचंही हृदय बंद पडलं ते फळी नसलेल्या जागी.