न पडलेल्या दगडांची साक्ष

जबलपूरच्या मदनमहाल परिसरातील टेकडीवर एका शिळेच्या माथ्यावर दुसरी प्रचंड शिळा जेमतेम टेकलेली आहे. 22 मे 1997 रोजी पहाटे 5.8 तीव्रतेच्या भूकंपाने हे शहर हादरले, घरे कोसळली, माणसे दगावली. ही शिळा मात्र जागची हलली नाही, असे तेथील लोक अभिमानाने सांगतात. शास्त्रीयदृष्ट्या पाहता ‘हलली नाही’ हे म्हणणे बहुधा तंतोतंत नसावे. ती क्षणभर डोललीही असेल; पडली नाही, एवढेच निश्चित. डोलणे आणि पडणे यांच्यामधील अंतर किती, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. त्यावर शतकाहून अधिक काळ संशोधन चालू आहे.

त्याचा आरंभ स्मशानभूमीत झाला, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानमध्ये भूकंपमापक यंत्रे मोजकीच होती. तेव्हा जॉन मिल्न आणि फुसाकिची ओमोरी हे अभ्यासक भूकंपानंतर कोणते थडग्यांचे दगड पडले आणि कोणते उभे राहिले, याची नोंद घेऊ लागले. हिशेब साधा होता. 20 सेंटिमीटर उंच आणि 4 सेंटिमीटर रुंद असा ठोकळा घेतला, तर रुंदी उंचीच्या एक पंचमांश भरते. म्हणून जमिनीला गुरुत्वत्वरणाच्या एक पंचमांशाइतका आडवा हिसका बसला, की ठोकळ्याची एक कड उचलली जाते. आपल्याकडे 12 जून 1897 च्या आसाम भूकंपानंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे रिचर्ड ओल्डहॅम यांनीही दगडांचीच साक्ष काढली. जमिनीत रुतलेले काही धोंडे खळग्याच्या कडांना धक्का न लावता बाहेर फेकले गेले होते. त्यावरून हादऱ्याचे त्वरण गुरुत्वत्वरणाहूनही अधिक असले पाहिजे, असा निष्कर्ष निघाला.

या साध्या हिशेबाला तडा गेला तो मे 1960 च्या चिलीतील भूकंपांत. भक्कम दिसणाऱ्या इमारतींची मोठी हानी झाली आणि एका खांबावर तोललेल्या, पाहताक्षणी पडतील अशा वाटणाऱ्या पाण्याच्या टाक्या उभ्या राहिल्या. अमेरिकन अभियंते जॉर्ज हाउस्नर यांनी 1963 मध्ये याची उकल केली. कड उचलली जाणे म्हणजे पडणे नव्हे. पडण्यासाठी ठोकळ्याचा गुरुत्वमध्य टेकूच्या कडेपलीकडे जावा लागतो, आणि तेथवर तो पोचण्याआधीच जमीन उलट दिशेला वळते. ठोकळा जितका मोठा, तितके हे अंतर मोठे. म्हणूनच प्रमाण तेच ठेवून दहापट मोठा केलेला ठोकळा तेवढ्याच हिसक्याला डोलू लागतो खरा, पण त्याला पाडणे कितीतरी कठीण होते.

दुसरी गंमत डोलण्याच्या लयीत आहे. पाळण्याचा झोका थोडा लहान वा मोठा झाला, तरी एका फेरीचा वेळ जवळजवळ तोच राहतो. ताल साधून हात लावला, की झोका वाढत जातो. जमिनीवर डोलणाऱ्या वस्तूचे तसे नसते. फरशीवर उभा पेला धक्का लागून डुगडुगू लागला, की त्याचा आवाज आधी सावकाश आणि स्थिरावताना भराभर येतो. मोठ्या डोलण्याला वेळ जास्त लागतो, लहानाला कमी. शिवाय प्रत्येक टेकण्याला थोडी ऊर्जा खर्च होते. अशा वस्तूचा ताल भूकंपाला सहजासहजी सापडत नाही. न्यूझीलंडमध्ये 1981 मध्ये सुरू झालेल्या साउथ रँगिटिकी रेल्वेपुलाचे सत्तर मीटरांहून उंच खांब याच तत्त्वावर बांधले आहेत. मोठ्या भूकंपात पावले आळीपाळीने उचलावीत, तसे ते पायापासून किंचित उचलले जाऊ शकतात.

तथापि हिशेबाला मर्यादाही आहे. भारतीय वंशाचे अनिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 मध्ये दाखवून दिले की, आकारात वा हादऱ्यात किंचित फरक पडला, तरी ठोकळ्याचे भवितव्य बदलते. एकट्या दगडावरून निर्णय देणे धोक्याचे. अनेक दगडांवरून शक्यता तेवढी वर्तवता येते. डिसेंबर 1967 च्या भूकंपात कोयना धरणाला पडलेल्या भेगांचे विश्लेषण करणारे चोप्रा हेच.

1990 च्या दशकात नेवाडा विद्यापीठाचे जेम्स ब्रून यांनी प्रश्नच उलटा केला. पडलेले दगड झालेल्या भूकंपाविषयी सांगतात. मग न पडलेले दगड न झालेल्या भूकंपाविषयी सांगणार नाहीत काय? दगड किती बलाने कलंडेल हे मोजायचे आणि तो या अवस्थेत किती काळ उभा आहे हे ठरवायचे. अंतराळातील किरणांमुळे उघड्या खडकात बेरिलियम-10 साचत जाते. त्यावरून हा काळ काढता येतो. असे कित्येक दगड दहा हजारांहून अधिक वर्षे उभे असल्याचे आढळले. यंत्रांच्या नोंदी जेमतेम शतकभराच्या. त्यापुढे ही साक्ष केवढी दीर्घ! कॅलिफोर्नियातील डायब्लो कॅन्यन अणुवीज केंद्राजवळच्या अशा दगडांवरून 2020 मध्ये झालेल्या अभ्यासाने तेथील दहा हजार वर्षांच्या हादऱ्याचा अंदाज 27 टक्क्यांनी खाली आणला आणि त्यातील अनिश्चितता जवळजवळ निम्मी केली.

दख्खनच्या दृष्टीने हे संशोधन दूरदेशीचे कुतूहल नव्हे. कोयना आणि 30 सप्टेंबर 1993 रोजी सुमारे दहा हजार बळी घेणारे किल्लारी, हे दोन्ही प्रदेश तोवर स्थिर मानले जात. अशा भूभागांत दोन मोठ्या भूकंपांमधील काळ हजारो वर्षांचाही असू शकतो, आणि नेमक्या तेवढ्याच काळाच्या नोंदी आपल्याकडे नाहीत. महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशात तोललेले मोठे धोंडे विरळाच. हैदराबाद आणि हंपीच्या ग्रॅनाइटच्या प्रदेशात मात्र ते विपुल आहेत. भेगांतून झिरपलेल्या पाण्याने जमिनीखालीच खडक कुजतो, पुढे माती वाहून जाते आणि गोलसर धोंडे एकमेकांवर उभे राहतात.

हैदराबादेत ते इमारतींसाठी, रस्त्यांसाठी आणि खडीसाठी फोडले जात आले आहेत. ते वाचवण्यासाठी 1996 पासून तेथे नागरिकांची संस्था काम करते. तिचा भर मुख्यतः निसर्गसौंदर्यावर आणि वारशावर राहिला, तो योग्यच. परंतु यांतील ज्या धोंड्यांचे कोन मोजले गेलेले नाहीत, वयही काढलेले नाही, ते सुरुंगाने उडवले गेले, तर तेथील जमीन गेल्या हजारो वर्षांत किती जोराने हादरली नाही, ही नोंद त्यांच्याबरोबर खडीच्या ढिगात जाते. तिची नक्कल कोठेही नाही.