बंदुकांवरील डिप कॅमोफ्लाजचा टिकाऊपणा

डिप कॅमोफ्लाज म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या छापील पटलावरून बंदुकीच्या पृष्ठभागावर उतरवलेली पाने, फांद्या, गवत किंवा झाडाची साल यांची नक्षी होय. या पद्धतीस वॉटर ट्रान्स्फर प्रिंटिंग अथवा हायड्रोग्राफिक्स असेही म्हणतात. अमेरिकेत बदके, टर्की व हरणे यांच्या शिकारीसाठी वापरल्या जाणाऱ्या शॉटगन आणि रायफलींवर हे रंगकाम विशेषत्वाने आढळते. त्याचा टिकाऊपणा नक्षीपेक्षा तिच्या खालच्या व वरच्या थरांवर अवलंबून असतो.

इतिहास

पूर्वी शिकारी बंदुकीची चमक लपविण्यासाठी तिच्यावर कापडी पट्टी गुंडाळत किंवा हाताने रंग फवारत. जपानी संशोधक मोतोयासु नाकानिशी यांनी १९८२ मध्ये वक्र पृष्ठभागावर नक्षी छापण्याच्या उपकरणासाठी अमेरिकेत पेटंटचा अर्ज केला. १९८६ मध्ये रिअलट्री व मॉसी ओक या दोन अमेरिकी कॅमोफ्लाज कंपन्या स्थापन झाल्या. पुढे त्यांच्या नक्ष्या परवान्याने बंदूक उत्पादकांना मिळू लागल्या आणि कारखान्यातूनच नक्षीदार बंदुका बाजारात येऊ लागल्या.

प्रक्रिया

प्रथम बंदुकीचे भाग सुटे करून तेल व मळ काढला जातो. पृष्ठभाग घासून किंचित खरखरीत केला जातो. त्यावर प्रायमर आणि नक्षीला साजेसा पायाभूत रंग देतात. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे छापील पटल सुमारे ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यावर पसरले जाते. ते मऊ झाल्यावर त्यावर द्रावक फवारला जातो. त्यामुळे शाई पुन्हा ओली होते. मग वस्तू तिरकस धरून सावकाश बुडविली जाते व पाण्याच्या दाबाने शाई तिच्या सर्व वळणांना चिकटते. उरलेले पटल धुऊन, वस्तू वाळवून शेवटी पारदर्शक लेप दिला जातो. नळीचा अंतर्भाग, काडतुसाचा कक्ष आणि एकमेकांवर घासणारे यांत्रिक भाग या प्रक्रियेपासून झाकून ठेवावे लागतात. अन्यथा लेपाच्या जाडीमुळे यंत्रणा अडखळू शकते.

झिजेची कारणे

शाईचा थर अत्यंत पातळ असून त्याला स्वतःचे बळ जवळजवळ नसते. संरक्षणाचा भार पारदर्शक लेपच वाहतो. हा लेप कडांवर सर्वांत पातळ बसतो. म्हणून झीज प्रथम कडा, पट्टा घासणारी जागा आणि हाताची पकड येथे दिसते. पूर्वतयारीत तेलाचा अंश राहिला असल्यास रंग झिजत नाही, तर पापुद्र्यांप्रमाणे सुटतो. तेथून ओलावा आत शिरून पोलादावर गंज चढू शकतो. खाऱ्या दलदलीत बदकांची शिकार करणाऱ्यांना हा धोका अधिक असतो.

बंदूक साफ करण्याचे तीव्र द्रावक, तसेच कीटकांना दूर ठेवणाऱ्या मलमांतील डीट हे रसायन, अनेक रंग व प्लास्टिक मऊ करतात. शिकाऱ्याच्या हातावरील मलमाचा ठसा दस्त्यावर उमटतो तो याच कारणाने. सतत गोळीबाराने तापणाऱ्या नळीवरही सेंद्रिय लेप टिकत नाही.

येथे एक अंगभूत विरोध आहे. चकाकणारा लेप सहसा घर्षणाला चांगला तोंड देतो, परंतु चकाकी कॅमोफ्लाजचा हेतूच विफल करते. निस्तेज लेपात चमक मारणारी सूक्ष्म भुकटी मिसळलेली असते. असा लेप वारंवार घासल्यास त्या जागी गुळगुळीत होऊन चमकू लागतो. नक्षी शाबूत असूनही बंदूक मग उन्हात लकाकते.

चाचण्या

चिकटपणासाठी एएसटीएम डी ३३५९ ही चाचणी प्रचलित आहे. लेपावर आडव्याउभ्या चिरा पाडून चिकटपट्टी लावून ओढतात व निकाल ०बी ते ५बी अशा श्रेणीत देतात. ५बी ही सर्वोत्तम श्रेणी होय. घर्षणासाठी एएसटीएम डी ४०६०, तर गंजरोधासाठी ५ टक्के मिठाच्या द्रावणाची फवारणी करणारी एएसटीएम बी ११७ ही चाचणी वापरतात. या चाचण्या तुलनेस उपयुक्त असल्या तरी त्यांतून प्रत्यक्ष आयुष्याची वर्षे थेट ठरत नाहीत.

पर्याय व निगा

सेराकोटसारखे सिरॅमिकयुक्त लेप पातळ व कठीण असतात. त्यांचे काही प्रकार भट्टीत सुमारे १२० अंश सेल्सिअसला पक्के केले जातात. उष्णता व रसायने सोसण्यात ते सरस ठरतात. मात्र त्यांत बहुरंगी नक्षी साच्यांच्या साहाय्याने करावी लागते आणि पानाफुलांचे छायाचित्रासारखे बारकावे साधणे कठीण जाते.

डिप केलेल्या भागाची जागच्या जागी दुरुस्ती अवघड असते, कारण नव्या पटलाची नक्षी जुन्या नक्षीशी जुळत नाही. बहुधा संपूर्ण भागाचा रंग उतरवून प्रक्रिया पुन्हा करावी लागते. म्हणून सौम्य साबणाच्या पाण्याने पुसणे, द्रावक केवळ अंतर्भागापुरता वापरणे, ओली बंदूक बंद पेटीत न ठेवणे आणि उघड्या पडलेल्या पोलादावर तत्काळ तेलाचा हात फिरविणे, ही निगा महत्त्वाची ठरते.