दोन फळे आणि त्यांची उसनी नावे

शेताच्या बांधावरची चिरबोटी फोडण्याचा खेळ लहानपणी आपल्यापैकी पुष्कळांनी खेळला असेल. त्याच कुळातील दोन फळांचा इतिहास आज आम्ही मांडणार आहोत. एक आपल्या बाजारातली रसभरी आणि दुसरे मेक्सिकोतील टोमॅटिलो.

दोन्ही फळे निदलांच्या कागदी पिशवीत वाढतात. फायसॅलिस या शास्त्रीय नावाच्या मुळाशी फुग्याचाच अर्थ आहे. पण स्वभाव निराळे. रसभरीची पाने लवदार, फळ सोनेरी, पिशवीत सैल राहणारे व कच्चेच खाण्याजोगे गोड. टोमॅटिलोचे फळ हिरवे, चिकट, आंबट. ते पिशवी भरून टाकते, प्रसंगी फाडतेही, आणि मिरचीबरोबर वाटून त्याची चटणी होते. रसभरीचे एकटे झाडही फळते. टोमॅटिलोला मात्र सोबतीला दुसरे झाड लागते.

आता नावे पाहा. रसभरी मूळची अँडीज पर्वतातील. लिनीयसने 1763 साली तिला पेरूचे नाव दिले, हे ठीकच झाले. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती आफ्रिकेच्या केप ऑफ गुड होपला लावली जात होती; तेथून ती ऑस्ट्रेलियात गेली आणि इंग्रजीत ‘केप गूजबेरी’ ठरली. वाटेतल्या मुक्कामाचे नाव राहिले, माहेर मागे पडले. टोमॅटिलोची गत याहून वाईट. लामार्कने 1786 साली या मेक्सिकन फळाला फिलाडेल्फिया शहराचे नाव देऊन टाकले!

खरी हानी याच्याही आधीची आहे. मेक्सिकोतील नाहुआ लोक अशा रसाळ फळांना ‘तोमात्ल’ म्हणत. तांबडे फळ ते ‘शितोमात्ल’. 1521 साली स्पॅनिशांनी त्यांची राजधानी जिंकली. पुढे युरोपात आखूड झालेला शब्द तांबड्या फळाला चिकटला. तोच आपला टोमॅटो. हिरव्याच्या वाट्याला ‘छोटा टोमॅटो’ एवढेच नाव उरले. मध्य मेक्सिकोत मात्र अजूनही ‘तोमाते’ म्हणजे हिरवे आणि ‘हितोमाते’ म्हणजे तांबडे. विजेत्यांच्या कोशाने जे पुसले, ते मंडईने व स्वयंपाकघराने राखले.

2017 साली पॅटागोनियातील सुमारे 5 कोटी 20 लक्ष वर्षांपूर्वीच्या खडकात या कुळाच्या पिशवीचे जीवाश्म सापडल्याचे प्रसिद्ध झाले. ही पिशवी माणसाहून कितीतरी जुनी. तिच्यावरची नावे मात्र कालपरवाची. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने ग्रंथालयाइतकेच भाजी विकणाऱ्या बाईलाही विचारावे, असे आम्हास वाटते.